शुक्रवारचं खनिज

पुंजाराम मोकासे हा सरकारी कागदावर प्रयोगशाळा परिचर होता आणि स्वतःच्या मते औरंगाबादच्या त्या कॉलेजातला अर्धा भूशास्त्र विभाग होता. उरलेला अर्धा विभाग म्हणजे प्राध्यापक व्यंकटराव सेलूकर. आणखी दोन लेक्चरर होते, पण त्यांना दगडांपेक्षा वेळापत्रकात जास्त गोडी, म्हणून पुंजाराम त्यांना धरतच नसे.

व्यंकटरावांनी कुठून तरी दगड उचलून आणायचा आणि पुंजारामनं त्याचा इतका पातळ काप काढायचा की दगडातून उजेड पार झाला पाहिजे, अशी दोघांची वाटणी होती. ऐकायला सोपं वाटतं. आधी दगडाची चपटी कपची काढायची, तिची एक बाजू लोखंडी पाट्यावर कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी घालून घासायची, ती गुळगुळीत बाजू काचपट्टीला चिकटवायची आणि मग दुसऱ्या बाजूनं घासत बसायचं. केसाच्या निम्म्याहून कमी जाडी उरली की थांबायचं. एक फेरा जास्त झाला की दगड जागच्या जागी नाहीसा होतो आणि हातात नुसती काच राहते. थांबायचं कधी, हे पुंजारामचा उजवा अंगठा ठरवायचा. पंधरा वर्षांत त्या अंगठ्यावरच्या रेषा पार घासून गेल्या होत्या. त्याची बायको द्वारकाबाई म्हणायची, ह्यांचा अंगठा कुणी कागदावर घेतला तर कोराच उठंल.

व्यंकटराव हैदराबादला शिकलेले. पोलीस ॲक्शनच्या सालात त्यांचा प्रबंध अर्धवट राहिला तो राहिलाच. नंतर नोकरी, संसार, परीक्षांचे पेपर, आणि पाहता पाहता निवृत्तीला दीड वर्ष उरलं. त्यांच्या बरोबरीच्या कुणी जीवाश्म शोधला, कुणी खाण शोधली, कुणी नुसतीच ओळखीची माणसं शोधली आणि मोठा झाला. व्यंकटराव दर जुलैला नव्या पोरांपुढं उभे राहून एकच धडा द्यायचे. "भूशास्त्राचं पहिलं उपकरण तोंडात असतं," असं म्हणून ते डोळे मिटायचे आणि हातातल्या मातीच्या खड्याला जीभ लावायचे. चिकणमाती जिभेला चिकटते, सैंधव खारट लागतं, आणि आपल्या काळ्या दगडाला काहीच चव नाही. पोरं खुदुखुदु हसायची. पुंजाराम दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभा असायचा, कारण चूळ भरायला पाणी देणं हेही त्याच्याच कामात मोडत होतं.

साल शहात्तर. आषाढात एक दिवस कपाटावरची कोळ्याची जाळी काढताना पुंजारामचा झाडू बाल्समच्या बाटलीला लागला आणि बाटली खाली आली.

आता बाल्सम म्हणजे काय ते सांगायला हवं. तो एका परदेशी झाडाचा चीक, रंगानं मधासारखा. दगडाचा काप तयार झाला की त्यावर ह्या चिकाचा थेंब टाकून वरून पातळ झाकणकाच बसवायची. चीक काचेइतकाच स्वच्छ, म्हणून खालचा दगड नितळ दिसतो. तो परदेशातून यायचा आणि भांडार विभागाकडं मागणी केली की भांडार विभाग मागणी मिळाल्याचं पत्र पाठवायचा. ह्या बाटलीसाठी व्यंकटराव स्वतः हैदराबादला जाऊन, जुन्या मित्राचे पाय धरून, आगगाडीत ती मांडीवर घेऊन आले होते. औरंगाबादच्या स्टेशनवर उतरताना त्यांनी ट्रंक हमालाकडं दिली, पण बाटली दिली नाही.

ती बाटली आता फरशीवर पसरली होती. खालच्या बाजूनं दगड चिकटवायला लागणाऱ्या, शिजवून घट्ट केलेल्या बाल्समच्या कांड्या डब्यात होत्या, पण त्या जेमतेम तेवढ्याच कामाला पुरणाऱ्या. वरच्या काचेसाठी थेंबभरही उरलं नव्हतं. पुंजारामनं फरशी तीन वेळा पुसली, तरी चप्पल चार दिवस चटचट करत राहिली. कुणी विचारलं तर फिनाईल बदललंय म्हणून सांगितलं. सरांना सांगायची मात्र जीभ उचलेना. ते रागावले असते तर त्याला चाललं असतं. ते रागावणार नाहीत, नुसते खुर्चीत बसून राहतील, ह्याची त्याला धास्ती होती.

छावणीतल्या घरी तो तोंड पाडून बसला. द्वारकाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी काचंसारखा चीक पायजे. चिकटणारा, पर डाग न दिसणारा."

"व्हय."

"मंग पाक करून देते की. त्यात काय एवढं."

द्वारकाबाईचं माहेर पुंजारामच्याच गावचं, देवगाव रंगारीचं. पाडव्याच्या आधी अख्ख्या गावाच्या साखरेच्या गाठी तिच्या आईच्या चुलीवर व्हायच्या. पाक कुठवर चढला हे तिला बोटांत धरूनच कळायचं. दोन तारांच्या पुढं नेला, वरून अर्धं लिंबू पिळलं आणि फडक्यातून गाळून होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत भरला. "लिंबू असलं म्हंजी साखरत नाय," ती म्हणाली. "नायतर खडे धरतो."

पुंजारामनं पहिला थेंब टाकला, झाकणकाच बसवली, पट्टी जरा ऊन करून सुकवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. त्या सूक्ष्मदर्शकात प्रकाश गाळणाऱ्या दोन काचा असतात. त्या एकमेकींना आडव्या केल्या की नुसती काच किंवा नुसतं बाल्सम काळंकुट्ट दिसतं आणि खनिजांचे खडे तेवढे रंग घेऊन उजळतात. द्वारकाबाईचा पाक काळाकुट्ट राहिला. दगड जसा दिसायचा तसा दिसला. चार दिवसांनी व्यंकटराव मान वर न करता म्हणाले, "पुंजाराम, ह्या खेपेचं बाल्सम फार स्वच्छ आहे हो." पुंजारामला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं आणि घामही फुटला.

पाकाला हवेतली ओल लागते, म्हणून द्वारकाबाई रोज सकाळी ताजा करून द्यायची. सायकलच्या हँडलला डबा आणि खिशात बाटली, असा पुंजाराम खाम नदीचा पूल ओलांडून कॉलेजात यायचा. पट्ट्या ठेवायच्या टेबलाचे चारी पाय त्यानं पाण्याच्या वाट्यांत ठेवले. व्यंकटरावांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "औंदा मुंग्या लई झाल्यात, सर." हे तरी खरंच होतं.

त्याच श्रावणात गल्लीतल्या बायांनी संतोषी मातेचे सोळा शुक्रवार धरले. द्वारकाबाईनंही धरले. गूळ-चण्यांचा प्रसाद, एक वेळचं जेवण आणि घरात आंबटाचं नाव नाही. पहिल्या शुक्रवारी तिनं चिंचेची बरणीसुद्धा शेजारी मनकर्णाबाईकडं नेऊन ठेवली. मनकर्णाबाईचंही व्रत होतं, म्हणून तिनं ती पुढच्या घरी दिली, आणि ती बरणी शेवटी कुणाकडं गेली ह्याचा पत्ता पुढं बरेच दिवस लागला नाही. देवीकडं काय मागितलंस, असं पुंजारामनं विचारलं, तर ती म्हणाली, "माझ्या माणसाला चार लोकांत मान मिळू दे, म्हणलं. दगडं घासून घासून म्हातारा व्हायलाय."

भाद्रपदातल्या एका दुपारी व्यंकटरावांनी हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता.

"पुंजाराम, इकडे ये. डोळा लाव."

त्यानं डोळा लावला. दौलताबादच्या वाटेवरच्या खाणीतला काळा दगड होता, त्यानंच घासलेला. दगडात बुडबुड्यांच्या जागी राहिलेल्या बारीक पोकळ्या होत्या, आणि त्या पोकळ्यांत निळे, गुलाबी, हिरवे, पिवळे खडे दाटीवाटीनं बसले होते. व्यंकटरावांनी पट्टीखालची गोल बैठक फिरवली तसे ते विझले आणि पुन्हा पेटले. पुंजारामनं हजारो काप पाहिले होते, पण असं काही पाहिलं नव्हतं.

"हे काय हाय, सर?"

"मला ठाऊक नाही," व्यंकटराव म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की पुंजारामला ते क्षणभर दुसरेच कुणी वाटले. "अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मला ठाऊक नाही."

पुढचे पंधरा दिवस व्यंकटरावांनी घरी जाणं जवळजवळ सोडून दिलं. त्यांच्या पत्नी भानुमतीबाई डबा पाठवायच्या, तो तसाच परत जायचा. त्यांनी खड्यांचे कोन मोजले, रंग टिपले, जाड जाड कोष्टकांत एकेक खनिज ताडून पाहिलं. एकही जुळेना. सगळ्याच कापांत ते दिसत नव्हतं. पन्नासेक पट्ट्यांतून पाचांत सापडलं, बाकीच्या पट्ट्यांतल्या पोकळ्या काळ्या. पुंजारामला पाकाची शंका आली नाही असं नाही, पण पाक तर सगळ्याच पट्ट्यांत होता. पाकाचा दोष असता तर सगळीकडं दिसला असता, असा त्यानं विचार केला आणि त्याला स्वतःच्या डोक्याचं कौतुक वाटलं.

व्यंकटरावांनी निबंध लिहिला. दसऱ्यानंतर हैदराबादला परिषद होती, तिथं तो वाचायचा होता. एक दिवस त्यांनी पुंजारामला समोरच्या खुर्चीवर बसवलं. पंधरा वर्षांत त्या खुर्चीवर तो पहिल्यांदाच बसत होता, म्हणून कडेकडेनंच बसला.

"नव्या खनिजाला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा असतो," ते म्हणाले. "दगड बघणाऱ्याचं नाव होतं, घासणाऱ्याचं कधीच होत नाही. तुझ्या हाताशिवाय मला हे दिसलं नसतं. मी नाव लिहिलंय, पुंजारामाइट."

पुंजारामनं ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. मग तो उठला, बाहेर व्हरांड्यात गेला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून परत आला. परत आल्यावर आधी दाराजवळची फरशी पुसली, कारण काय करावं ते त्याला सुचेना.

घरी सांगितलं तेव्हा द्वारकाबाईनं देवीच्या तसबिरीपुढं डोकं टेकवलं. अजून शुक्रवार पुरते झाले नव्हते आणि देवी पावली होती. देवगावला पुंजारामच्या थोरल्या भावाला, कडूबाला, निरोप गेला. कडूबानं उलट निरोप धाडला, की गावात सत्कार ठरलाय, शाल आणलीय, बँडवाल्याला सुपारी दिलीय आणि शाळेतल्या मास्तरांनी फळ्यावर नाव लिहून पोरांकडून पाठ करून घेतलंय. पुंजारामाइट हा शब्द देवगाव रंगारीत हैदराबादच्या आधी पोहोचला.

व्यंकटराव निघायच्या दोन दिवस आधी पुंजाराम दुपारी जेवायला घरी आला. एरवी तो कॉलेजातच खायचा, पण पट्ट्या बांधायला कापूस हवा होता. वरण-भात वाढला होता. खुशीत होता, वाराचं भान नव्हतं.

"लिंबू दे गं."

"शुक्रवार हाय," द्वारकाबाई म्हणाली. "आज घरात लिंबू असतंय व्हय?"

त्यानं दोन घास खाल्ले. तिसरा हातातच राहिला.

"मंग शुक्रवारी माझ्या बाटलीत काय पिळतीस?"

"काय नाय पिळत. लिंबाला शिवायचंच नसतंय तर पिळू कशी?" तिनं भात वाढला. "साखरला तर साखरला. काचंतच घालायचाय, कुणाला खायचाय?"

पुंजारामनं हात धुतला, सायकल काढली आणि कापूस न घेताच परत गेला. पुलावर एक टांगेवाला त्याला बोलून गेला, ते त्याला ऐकूही आलं नाही. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. कुठला काप कुठल्या दिवशी झाला हे तो स्वतःच्या हातानं वहीत लिहायचा. निबंधात व्यंकटरावांनी ज्या पाच पट्ट्यांचे नंबर दिले होते, ते त्यानं वहीत शोधले. ऑगस्टची सहा, तेरा, सत्तावीस. सप्टेंबरची तीन आणि दहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यानं बोट ठेवत ठेवत पाहिलं. पाचही शुक्रवार. मधला वीस ऑगस्ट रिकामा होता, कारण त्या दिवशी तो रजा टाकून देवगावला गेला होता. खनिजानंही त्या दिवशी रजा घेतली होती.

तो स्टुलावर बसून राहिला. त्याचं नाव गेलं ह्याचं त्याला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण त्याहून वाईट चित्र त्याच्या डोळ्यांपुढं येत होतं. हैदराबादची मोठी सभा, जुने सोबती पुढच्या रांगेत, आणि त्यांच्यातला एखादा हुशार माणूस पट्टीवर पाण्याचा थेंब टाकतोय. खडे विरघळतात. सगळे हसतात. व्यंकटराव काही बोलत नाहीत, नुसते खुर्चीत बसून राहतात.

संध्याकाळी त्यानं द्वारकाबाईला सगळं सांगितलं. तिनं देवीकडं पाहिलं.

"लिंबू नाय घातलं म्हणून तुमचं नाव निघालं," ती म्हणाली. "आन् लिंबू नाय घातलं ते देवीपायी. म्हंजी देवीनंच काढलं की."

"तसं म्हणलं तर तसंच. पर ती साखर हाय, द्वारके. सर परवा जाऊन साखरंला माझं नाव देणार."

तिनं चुलीत लाकूड सारलं. "मंग सांगा त्यांना. माझ्या पाकापायी त्या माणसाचं हसं झालं, तर मला सोळा शुक्रवार काय, सोळा वरसं धरली तरी फळायचं नाय." आणि मग हळूच म्हणाली, "कडूबाभावजींना काय सांगायचं ते तुमचं तुमी बघा."

शनिवारी सकाळी व्यंकटराव प्रयोगशाळेत आले तेव्हा नवा कोट घालून आले होते. तो सभेत कसा दिसेल हे पुंजारामला विचारायचं होतं. पुंजारामनं रात्रभर जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं त्याला काहीच आठवेना.

"सर, एक इचारू? तुमी पोरांना ते पयलं शिकवता, ते आपल्या खनिजाला करून बघितलं का?"

"काय?"

"जीभ."

व्यंकटराव हसायला लागले. मग थांबले. "खरंच की. सगळ्या चाचण्या केल्या, तीच राहिली."

"पाच पट्ट्या हायेत. एक गेली तर चालंल."

त्यांनी दहा सप्टेंबरची पट्टी घेतली, तव्यावर ऊन केली आणि सुईच्या टोकानं झाकणकाच अलगद सरकवली. पुंजाराम सवयीनं पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभा राहिला. वर्गात करत तसे व्यंकटरावांनी डोळे मिटले आणि पट्टीला जीभ लावली.

डोळे मिटलेलेच राहिले.

"गोड," ते वर्गात सांगावं तसं म्हणाले. त्यांनी पुन्हा जीभ लावली. "गोड आहे. आणि... पुंजाराम, ह्यात वेलदोडा आहे का?"

"त्याच पातेल्यात शिरा व्हतो, सर," पुंजाराम म्हणाला, आणि पुढचं सगळं आपोआप बाहेर पडलं. झाडू, बाटली, फिनाईल, पाक, लिंबू, देवी, वही, कॅलेंडर. मुंग्यांच्या वाट्यासुद्धा.

व्यंकटराव खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. नव्या कोटाच्या खांद्याला शिंप्याच्या खडूची खूण राहिली होती. पुंजारामला वाटलं, जाऊन पुसावी, पण तो दाराशीच उभा राहिला.

"बाटली फुटली तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुमी ती मांडीवर धरून आणली व्हती."

व्यंकटराव तसेच बाहेर बघत म्हणाले, "महिनाभर फार सुखात होतो रे मी. सकाळी उठल्या उठल्या आठवायचं." पुंजारामनं हातातला तांब्या खाली ठेवला.

मग त्यांनी टेबलावरचा निबंध उचलला. फाडतील असं पुंजारामला वाटलं. ते वाचायला लागले. वाचता वाचता त्यांचे खांदे हलू लागले आणि तो घाबरला, पण ते हसत होते.

"ऐक. 'हे खनिज पोकळीत सर्वांत शेवटी तयार झालं असावं.' बरोबर. 'ते अत्यंत दाट द्रवातून, बेताच्या उष्णतेत खड्यांच्या रूपानं खाली बसलं असावं.' बरोबर. 'भूशास्त्राच्या हिशोबानं ही घटना अगदी अलीकडची असावी.'" त्यांनी चष्मा काढला. "ऑगस्टातली. अरे, एक अक्षर चुकीचं लिहिलेलं नाही मी. नुसती चुलीची जागा पृथ्वीला दिली."

पुंजारामही हसला, पण जपून.

चष्मा पुसता पुसता व्यंकटराव थांबले. "म्हणजे बाकीच्या साऱ्या पट्ट्या? सोमवारच्या, मंगळवारच्या?"

"समद्या पाकाच्याच. लिंबाच्या."

"आणि मी म्हणालो बाल्सम स्वच्छ आहे." त्यांनी एकेक पट्टी काढून उजेडाला धरली. कुठं डाग नाही, कुठं खडा नाही. देशातल्या निम्म्या प्रयोगशाळा तेव्हा बाल्समची वाट बघत बसल्या होत्या, आणि इथं तीन महिने छावणीतली एक बाई रोज सकाळी ते चुलीवर करत होती. ते उठले. "चल."

"कुटं?"

"तुझ्या घरी. तापमापक घे."

दुपारी द्वारकाबाईच्या स्वयंपाकघरात पाटावर कॉलेजचे प्राध्यापक नव्या कोटात बसले होते आणि पाकात तापमापक धरून होते. दारात मनकर्णाबाईसह अर्धी गल्ली जमली होती. द्वारकाबाई डोक्यावरचा पदर सावरत ढवळत होती.

"आता किती झाला म्हणायचा हा?" व्यंकटरावांनी विचारलं.

"दोन तारंच्या जरा म्होरं." तिनं थेंब बोटांत धरून ताणून दाखवला. व्यंकटरावांनी तापमापक वाचला, आकडा लिहिला, मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाक करायला लावला. तिन्ही वेळा तिच्या बोटानं थांब म्हटलं तेव्हा पारा एकाच रेघेवर होता. त्यांनी पुंजारामच्या अंगठ्याकडं पाहिलं आणि तिच्या बोटाकडं पाहिलं, आणि मान हलवत वहीत काही तरी लिहिलं.

"किती साखरेला किती लिंबू?"

"वाटीभर साखरंला अर्धं. बारकं असंल तर अख्खं."

"आणि पातेलं?"

"शिऱ्याचं नको," पुंजाराम मधेच म्हणाला.

व्यंकटराव वही मिटून उठले तेव्हा द्वारकाबाईनं त्यांना थांबवलं. "आन् शुक्रवारी करू नका म्हणावं. ते बी लिव्हा, सर. शुक्रवारी केला की खडे धरतो."

व्यंकटरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग देवीच्या तसबिरीकडं पाहिलं आणि वही परत उघडून गंभीर चेहऱ्यानं तेही लिहून घेतलं.

हैदराबादला त्यांनी पाकाचा निबंध वाचला. कुणी हसलं नाही. बाल्समची वाट बघून बघून सगळेच टेकीला आले होते. पुढच्या उन्हाळ्यात तो तीन पानांत छापून आला आणि शेवटी आभार होते, श्रीमती द्वारकाबाई मोकासे, छावणी, औरंगाबाद. पुंजारामचं नाव नव्हतं, कारण बाटली कुणी फोडली हे लिहायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं. देवगावचा सत्कारही झाला. बँडवाल्याला दिलेली सुपारी परत घेता येत नाही, असं कडूबाचं म्हणणं पडलं. शाल द्वारकाबाईच्या खांद्यावर पडली आणि पुंजाराम शेजारी नारळ धरून उभा राहिला. मास्तरांना पोरांकडून नवा शब्द पाठ करून घ्यायला वेळ नव्हता, म्हणून पोरांनी जुनाच म्हटला. देवीनं मान दिला होता, फक्त पत्ता जरा चुकला होता, आणि खरं सांगायचं तर पुंजारामला त्याचं आता काही वाटत नव्हतं. बायकोच्या खांद्यावर ती शाल फार चांगली दिसत होती.

निवृत्तीच्या महिन्यात व्यंकटराव एक पत्र घेऊन छावणीत आले. दूर दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेचं होतं, आणि त्यांनी ते चहा होईस्तोवर मोठ्यानं वाचून दाखवलं. आपल्या निबंधाप्रमाणे आम्ही पाक वापरत आहोत, फार उत्तम चालला आहे, असं लिहिलं होतं. आपल्या सूचनेनुसार गेले सहा महिने आम्ही शुक्रवारी एकही झाकणकाच बसवलेली नाही आणि एकदाही खडे धरलेले नाहीत. मात्र शुक्रवारचं शास्त्रीय कारण आम्हांला सापडलेलं नाही. तीन सभा झाल्या. एक मत हवेतल्या आर्द्रतेचं आहे. तरी कृपया खुलासा व्हावा.

"काय उत्तर देऊ, द्वारकाबाई?" व्यंकटरावांनी विचारलं. "निबंध तुमचा आहे."

द्वारकाबाईनं चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला.

"त्यांना कळवा, सर," ती म्हणाली, "उद्यापन कवाच झालंय माझं. आता शुक्रवारी बी चालंल."